आधी धुरा, मग पाणी

"रक्त काहून नाही देऊन राहिले?"

हा प्रश्न मी आयसीयूच्या दारात इतक्या वेळा ऐकला आहे की नातेवाइकाने नुसतं तोंड उघडलं तरी पुढचे शब्द मला कळतात. विचारणारा कधी मुलगा असतो, कधी जावई, कधी गावचा सरपंच. घरात पेशंटला रक्ताची उलटी झालेली असते. बादलीभर गेलं, असं सगळेच सांगतात, आणि ज्याने ते पाहिलं त्याला ते बादलीभरच वाटतं. इथे आणल्यावर काचेतून आत पाहावं तर खांबाला साधं सलाईन लटकलेलं. लाल पिशवीचा पत्ता नाही. माणसाचं डोकं फिरणारच. माझंसुद्धा फिरायचं, गजभिये मॅडमच्या हाताखाली काम करायला लागेपर्यंत.

नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या हॉस्पिटलात मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर होते आणि मॅडम तिथल्या मोठ्या डॉक्टर. अंगाने ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडीवर एप्रन आणि पायांत पुरुषी काळ्या सँडल. पहिल्यांदा येणारे लोक त्यांनाच "बाई, मोठे डॉक्टर कुठे बसतात?" असं विचारायचे. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "ते बसत नाही." खोटं नव्हतं ते. मॅडम कधीच बसायच्या नाहीत. राउंडला नाही, चहाला नाही, नातेवाइकांशी बोलताना तर नाहीच. पलंगाच्या पायथ्याची दांडी धरायची आणि तिच्यावर थोडा भार टाकून उभं राहायचं, ही त्यांची बैठक. त्यांचे गुडघे कामातून गेलेले होते आणि एप्रनच्या खिशात दुखीच्या गोळ्यांची पट्टी असायची, हे आम्हा सिस्टरांना ठाऊक होतं. पेशंटला मात्र त्या गोळ्यांवरून त्या फैलावर घ्यायच्या. उपाशीपोटी गोळ्या खाता, मग पोटाला भोक पडतं, मग माझ्याकडे येता. हे बोलून झाल्यावर स्वतः पॅन्ट्रीत जाऊन कोऱ्या चहासोबत एक गोळी घ्यायच्या. मी डोळे वटारले की म्हणायच्या, "माहं पोट दगडाचं हाय वं."

बोलायच्या त्या अशाच, अस्सल नागपुरी. बाकीचे डॉक्टर नातेवाइकांशी आधी इंग्रजीत सुरुवात करत, मग हिंदीत येत, आणि शेवटी पुस्तकातल्या मराठीत. समोरचा माणूस मान डोलवत राही. मॅडम म्हणत, तो मान डोलवून राहिला म्हणजे त्याले काहीच समजलं नाही. समजलं असतं तर भांडला असता.

भांडण त्यांना आवडायचं, असंच म्हणायला हवं. घरातच होतं ते. त्यांचे आजोबा छप्पनच्या दीक्षेला गावाहून पायी आले होते. परत गेल्यावर गावाने विहिरीवरून जे काही ऐकवलं ते ऐकून घेऊन त्यांनी आपली विहीर स्वतः खणली. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर गर्दी लोटली की मॅडम पहाटे पांढरी साडी नेसून तिथे औषधाच्या टेबलामागे उभ्या राहायच्या आणि तशाच, धुळीने भरलेल्या पायांनी, राउंडला यायच्या. आम्ही म्हणायचो, मॅडम, आज तरी सुट्टी घ्या. मॅडम थेट पहिल्या पलंगाशी.

राउंडची त्यांची एक रीत होती आणि ती नव्या डॉक्टरांना रडवायची. नवा डॉक्टर कागद बघून सुरू करायचा, पेशंटचं हिमोग्लोबिन इतकं. मॅडम हात वर करायच्या. "आकडा नंतर सांग. माणूस कसा हाय ते सांग." मग त्या बिचाऱ्याने कागद खाली ठेवून पेशंटकडे बघायचं. शुद्धीत आहे का, हात गरम आहेत का गार, नाडी पळते आहे का, लघवी होते आहे का, छातीत दुखतं का, नवीन रक्त गेलं का. हे सगळं झाल्यावर आकडा. आकडा सातच्या खाली असला तर रक्त. वर असला आणि माणूस ठीक असला तर थांबायचं, बघत राहायचं. हृदयाचा आजार असणाऱ्याचा हिशेब वेगळा, ते त्या वेगळं सांगायच्या. आणि रक्त द्यायचं ठरलं तर एकच पिशवी. "एक दे. मग पाहू." दोन पिशव्या लिहायची सगळ्या नागपूरची सवय. त्या दोनवर मॅडमची फुली इतकी जोरात पडायची की खालचा कागदही फाटायचा.

पिशवी लावताना त्यांचं आणखी एक होतं. पेशंट शुद्धीत असो वा नसो, त्याच्या हातावर हात ठेवून म्हणायच्या, "कोणाचं तरी हाय बाप्पा हे. वाया जाऊ देऊ नका." नवीन मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. सहा महिन्यांत त्याही तेच म्हणायला लागायच्या.

रामटेककडचे भाऊराव आले ते धानाच्या रोवणीच्या दिवसांत. त्यांच्या धाकट्या भावाला रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. दारूने लिव्हर गेलं की पोटाकडच्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते, तसं झालं होतं. दुर्बीण टाकणाऱ्या डॉक्टरांनी त्या शिरांना आतून रबराची वेटोळी बसवली आणि रक्त थांबलं. इकडे गावातून जीप भरून पोरं आली, चिखलाचे पाय तसेच. आमच्याकडची ही मोठी रीत आहे. आपला माणूस रक्त ओकला की गावाने जायचं आणि रक्त द्यायचं. कोणाला बोलवावं लागत नाही. पोरांनी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली आणि काचेशी येऊन उभी राहिली. आपलं रक्त आपल्या माणसाच्या अंगात जाताना त्यांना बघायचं होतं. आत नुसतं सलाईन.

दुपारपर्यंत दारात गलका झाला. सिक्युरिटीवाला आतून कडी लावायला निघाला, तेव्हा मॅडमनी त्याला बाजूला केलं आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. भाऊराव पुढे आले. मोठा, रापलेला माणूस, डोळे लाल झालेले.

"आमच्या पोरायनं रक्त देल्लं," ते म्हणाले. "ते कुठं गेलं?"

मॅडमनी उलट विचारलं, "धान लावता का तुम्ही?"

"लावतो."

"बांधीचा धुरा फुटला तर आधी काय करता? पाणी सोडता का धुरा बांधता?"

बांधी म्हणजे धानाचा वाफा आणि धुरा म्हणजे त्याच्या कडेचा मातीचा बांध. भाऊरावांना हा प्रश्न इतका भलताच वाटला की ते रागवायचं विसरले. "धुराच बांधा लागते," ते म्हणाले.

"मंग तुमच्या भावाच्या पोटातला धुरा आत्ताच बांधला हाय. ओला हाय अजून. आताच वरून भरभरून पाणी सोडलं तर?"

भाऊराव हळूच म्हणाले, "वाहून जाईन." आणि थोड्या वेळाने, "सुकला का मंग सोडसान?"

"लागलं तर सोडीन. नाही लागलं तर तुमचं रक्त दुसऱ्या कोणाच्या बांधीले जाईन. चालते ना?"

भाऊरावांनी मान डोलावली नाही. "चालते," असं तोंडाने म्हणाले. त्या घरचा पेशंट पिशवीशिवाय वाचला. दर हंगामाला भाऊराव तांदळाची थैली घेऊन यायचे, मॅडम ती सिस्टरांच्या पॅन्ट्रीत ठेवायला लावायच्या आणि आम्ही शिफ्ट संपल्यावर वाटून घ्यायचो. इतका वास असलेला तांदूळ मी नंतर खाल्ला नाही.

पण सगळी माणसं वाचत नाहीत. शहरातल्याच सदर भागात शिवणकाम करणारे रफीक मास्टर आमच्याकडे होते. पोटात जखम, रक्त गेलेलं, दुर्बिणीने थांबवलेलं. हिमोग्लोबिन नऊ. त्यांच्या बायकोने मॅडमना दोनदा विनवलं की दोन पिशव्या द्या, आमच्या घरात सगळे द्यायला तयार आहेत. मॅडमनी तिला समजावलं आणि दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्टर पाणी मागत होते आणि मागता मागता त्यांचं सगळं अंग थंड पडलं. आतली मोठी धमनी फुटली होती.

त्या दिवशी मी मॅडमना पळताना पाहिलं. कुणीतरी हिमोग्लोबिन पाठवू का म्हणून विचारलं तर त्या ओरडल्या, "आकडा चुलीत गेला. जेवढं हाय तेवढं आणा." लिफ्टची वाट न बघता त्या मोडक्या गुडघ्यांनी रक्तपेढीत उतरल्या आणि बर्फाचा डबा स्वतः घेऊन वर आल्या. पिशवीमागून पिशवी, दोन्ही हातांना, दाबून दाबून. दुर्बीणवाले आले, सर्जन आले. मास्टर संध्याकाळच्या आधी गेले.

मॅडम त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला काय करावं सुचेना, म्हणून मी पडदा ओढला. थोड्या वेळाने उठून त्या स्वतः बाहेर गेल्या आणि मास्टरांच्या बायकोला सांगितलं. कुणाला पाठवलं नाही.

डॉ. मोघे तेव्हा नवा होता. हुशार, नीटनेटका, बोलणं अगदी स्वच्छ. पॅन्ट्रीत तो मॅडमसमोर उभा राहिला आणि त्याला जे विचारायचं होतं ते विचारलंच. "मॅडम, काल नऊ होतं तेव्हाच दोन पिशव्या दिल्या असत्या तर?"

मी हातातला कप धुवत राहिले. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

"काल दिल्या असत्या तर तुले बरं वाटलं असतं गा," त्या म्हणाल्या. "त्याले नाही."

मोघे तसाच निघून गेला. हॉस्पिटलात कुजबुज झाली की मॅडम रक्त द्यायला चिकट आहेत. मालकांनी मॅडमना बोलावून घेतलं. त्या परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले, तर "चहा देल्ला" एवढंच. पण पुढच्या शनिवारी सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत त्यांनी आपणच ती केस मांडली आणि म्हणाल्या, चूक काढा. लोकांनी काढायचा प्रयत्न केला. काही ठिकाणी काढलीही, दुर्बीण पुन्हा लवकर टाकायला हवी होती असं ठरलं आणि मॅडमनी ते मान्य केलं. रक्ताचा नियम मात्र जिथल्या तिथे राहिला. दुसऱ्या दिवशी राउंडला त्या तशाच दांडी धरून उभ्या. मला त्यांचा राग आला होता थोडा. इतकं कसं सरळ उभं राहता येतं माणसाला?

त्यानंतर काही वर्षं गेली. मोघे तोवर आमच्याकडेच सीनियर झाला होता आणि नव्या पोरांना "आकडा नंतर सांग" म्हणायला लागला होता, फक्त शुद्ध मराठीत.

मेचा महिना होता. राउंड चालू असताना मॅडम बोलायच्या थांबल्या. दांडीवरची बोटं पांढरी पडलेली दिसली. "शोभा," त्या म्हणाल्या, "मले चक्कर येऊन राहिली. उभी नको ठेवू, आडवी कर." आम्ही त्यांना मोकळ्या पलंगावर घेतलं. शौचाला काळं होतं आहे आणि दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, हे मला त्यांच्याकडून दमदाटी करून काढावं लागलं. एप्रनच्या खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी. मी दगडाच्या पोटाबद्दल जे बोलायचं ते सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, हेच मला जास्त भयंकर वाटलं.

दुर्बीण झाली. आतड्याच्या सुरुवातीलाच जखम होती आणि तिच्यातून रक्त येत होतं. तिथे चिमटे लावून ते थांबवलं. हिमोग्लोबिन आलं सातच्या जरा वर.

बातमी सगळीकडे गेली. रक्तपेढीच्या दारात रांग लागली. लिफ्टवाला, कँटीनचा आचारी, लॅबच्या मुली, जुने पेशंट. मॅडमचे धाकटे भाऊ अनिल रामटेकला शिक्षक आहेत, ते धावत आले, आणि त्यांच्या मागोमाग जीप घेऊन भाऊराव. ज्या बाईने आयुष्यभर पिशव्या परत पाठवल्या तिच्यासाठी अख्खं हॉस्पिटल बाही वर करून उभं होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मोघेने दोन पिशव्या लिहिल्या. मी बघितलं, त्याचं अक्षर वेडंवाकडं आलं होतं. पहिली पिशवी आली, गार, ती हातात धरून मी पलंगाशी आले.

मॅडमनी डोळे उघडले. मोघे म्हणाला, "मॅडम, सात पॉइंट..."

"आकडा नंतर. माणूस कसा हाय?"

मोघेने मॅडमकडे पाहिलं, त्यांनी शिकवलेल्या क्रमाने पाहिलं, आणि सांगायला लागला. शुद्धीत आहे. बीपी ठीक आहे. नाडी सकाळपेक्षा खाली आली आहे. हात गरम आहेत. लघवी होते आहे. दुर्बिणीनंतर नवीन रक्त नाही.

"छातीत दुखते का, ते विचारलं नाही."

"दुखतंय का, मॅडम?"

"नाही. मंग ती शोभा पिशवी घेऊन काहून उभी हाय?"

मोघे पलंगाची दांडी धरून उभा होता. "मॅडम, ही एक दिली तर मला..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्याला स्वतःलाच ऐकू आलं असावं. त्याचे डोळे भरले. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "सिस्टर, परत पाठवा. गरम व्हायच्या आत."

मी पिशवी घेऊन बाहेर निघाले तर दारातच अनिलभाऊंनी मला अडवलं. पिशवी परत जाताना त्यांनी पाहिली होती. त्यांचा आवाज चढला. "माह्या बहिणीले रक्त काहून नाही देऊन राहिले? इतके लोक देऊन राहिले, अन् तुम्ही वापस नेऊन राहिले?"

त्यांच्या मागून भाऊराव पुढे आले आणि त्यांनी अनिलभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी," ते म्हणाले, "आता धुरा ओला हाय." आणि त्यांना बाकाकडे नेऊन बसवून त्यांनी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. मला पुढचं ऐकायला वेळ नव्हता. मी पळत खाली गेले.

तो दिवस कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. मोघे घरी गेला नाही. दर थोड्या वेळाने येऊन त्यांचा हात हातात घ्यायचा, गरम आहे ना ते बघायला, आणि मॅडम डोळे मिटूनच म्हणायच्या, "हाय अजून."

सकाळी रिपोर्ट आला, सहा पॉइंट सात. जखम कोरडी होती, नवीन काही गेलेलं नव्हतं, पण नाडी थोडी पळायला लागली होती आणि मॅडमना बोलताना दम लागत होता. मोघेने आधी माणूस सांगितला, मग आकडा. मॅडम म्हणाल्या, "आता दे." त्याने पेन उचललं तशी त्यांनी चादरीतून हात बाहेर काढून एकच बोट दाखवलं.

पिशवी मी लावली. थेंब पडायला लागले तेव्हा मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं होतं की मला हे बोलता येणार नाही, पण आलं. "कोणाचं तरी आहे मॅडम. वाया जाऊ देऊ नका."

"नाही जाऊ देत," त्या म्हणाल्या.

आणि नाही जाऊ दिलं. दुसरी पिशवी लागली नाही. गुडघ्यांनी मात्र त्यानंतर साथ दिली नाही आणि दुखीच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या, म्हणून मॅडमनी आमचं हॉस्पिटल सोडलं. आता त्या भावाकडे रामटेकला राहतात आणि ओसरीवर खुर्ची टाकून पेशंट बघतात, असं भाऊराव सांगतात. मी अजून गेलेले नाही. खुर्चीतल्या मॅडम मला बघवतील की नाही, हे ठरत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सुट्टी झाली त्या दिवशी. अनिलभाऊंनी व्हीलचेअर आणली होती. मॅडमनी तिच्याकडे बघितलंही नाही. भिंतीला हात लावत त्या व्हरांड्यातून निघाल्या, मी मागे त्यांची औषधांची पिशवी घेऊन. गाडी खाली उभी होती. आयसीयूच्या दाराशी एक तरुण माणूस सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालत होता. आदल्या संध्याकाळी त्याच्या वडिलांना आणलं होतं. रक्ताची उलटी. शर्टावर डाग तसेच होते.

"साहेब, मले फक्त एवढं सांगा," तो म्हणत होता, "माह्या बापाले रक्त काहून नाही देऊन राहिले?"

मॅडम थांबल्या. अनिलभाऊ म्हणाले, ताई, चल, गाडी खोळंबली आहे. मॅडमनी त्या पोराला हाताने जवळ बोलावलं. भिंतीशी नातेवाइकांचं लाकडी बाक होतं, त्यावर त्या हळूहळू टेकल्या आणि शेजारची जागा हाताने पुसून त्याला दाखवली. तो बसला.

"शेती हाय का तुमची?" मॅडमनी विचारलं.